हात दाखवा, अवलक्षण टाळा

परदेशात पहिला हिवाळा काढलेल्या कुणालाही विचारा, थंडीचे किस्से तुम्हाला भरपूर ऐकायला मिळतील. बर्फात रुतलेली गाडी, गोठलेलं कुलूप, स्वेटर काढताना अंधारात उडालेल्या ठिणग्या... पण हातांबद्दल सहसा कुणी बोलत नाही. हात फुटणं हे काय सांगायचं दुखणं आहे? लावा व्हॅसलिन आणि लागा कामाला. माझंही मत अगदी असंच होतं. ते कसं बदललं, ते आज सांगते.

मी मूळची चिपळूणची. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये मिनियापोलिसला आले. ज्यांना हे शहर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात आहे. इथल्या लोकांनी थंडी टाळण्यासाठी शहरात इमारती एकमेकींना काचेच्या पुलांनी जोडून ठेवल्यात. जानेवारीत रात्रीचा पारा उणे दहा-पंधरा सेल्सिअसला जाणं हे इथलं रोजचंच. ३० जानेवारी २०१९ ला तर तो उणे ३३ पर्यंत उतरला होता आणि त्या दिवशी पोस्टानेही इथे टपाल वाटायचं बंद ठेवलं होतं.

पहिल्याच डिसेंबरात माझे हात उलले. आधी हाताची पाठ पांढुरकी आणि खरखरीत झाली, मग बोटांच्या पेरांवर बारीक रेघा उमटल्या आणि एक दिवस ऑफिसमध्ये टाइप करता करता 'स्पेस'च्या बटणावर रक्ताचा ठिपका दिसला. अंगठ्याच्या टोकाला नखाशेजारी चीर पडली होती. सुरीने कापावं तशी सरळ. लॅपटॉप माझा अंगठा ओळखेनासा झाला, कारण ठशाच्या रेषाच मोडल्या होत्या. कणीक मळताना मीठ झोंबायचं, मिरची चिरली की रात्रभर आग व्हायची. मी काय केलं? रोज आईशी व्हिडिओ कॉल व्हायचा, त्यात मी हात कॅमेऱ्याच्या खाली ठेवायला लागले. एवढ्या लांब बसून ती काळजीशिवाय दुसरं काय करणार, असा माझा विचार.

ही लपवाछपवी आमच्या रक्तातच आहे, हे मला पाच वर्षांनी कळलं.

पाहुणी आई

२०२२ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे मुलगी झाली. बाळंतपणासाठी आई ऑक्टोबरमध्येच आली होती. बाबांना एवढी थंडी सोसत नाही, म्हणून ते चिपळूणलाच राहिले. आई तेव्हा ६३ वर्षांची, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. सहा महिन्यांच्या गोळ्या, साखर तपासायचं छोटं यंत्र, डिंकाचे लाडू, आहळीव आणि एका डबीत कोकमाचं घट्ट तेल, असं सगळं घेऊन ती उतरली.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भांडी धुवायचं यंत्र आहे हे तिला सांगून झालं, दाखवून झालं. "एवढ्याशा चार भांड्यांना तासभर लावतं ते, आणि कुकरची शिटी कोण धुणार?" म्हणून ती सगळी भांडी हाताने धुवायची. तेही कडकडीत पाण्याने, कारण इथे नळ फिरवला की लगेच गरम पाणी येतं याचं तिला भारी अप्रूप. बाळ आल्यावर तर हात धुण्याला गणतीच राहिली नाही. दुपटी बदलली की हात धू, दुधाच्या बाटल्या धू, बाहेरून कुणी आलं की त्यांनाही हात धुवायला लाव. रोज सकाळी ती बाळाला तेल लावायची. वाटीभर कोमट तेल, पायांवर बाळ, आणि अर्धा तास हलक्या हाताने चोळणं. पण बाळाची अंघोळ झाली की हाताचं तेल जावं म्हणून भांड्यांच्याच साबणाने दोनदा हात धुवायची. रोज तेलात असणारे हात घरात सगळ्यात कोरडे होते, ते असे.

माझं लक्ष कुठे होतं? बाळाचं दूध, बाळाची झोप, बाळाचं वजन. आई दिवसभर डोळ्यांसमोर असून मी तिच्या हातांकडे पाहिलं नाही, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

१५ जानेवारी २०२३ ला रविवारी संक्रांत होती. घरी हळदीकुंकू ठेवलं, बाळाचं बोरन्हाणही उरकलं. बोरं मिळाली नाहीत, ब्लूबेरी आणि चुरमुऱ्यांवर भागवलं. एका मैत्रिणीने सगळ्यांच्या हातांना अत्तर लावलं. आईच्या हाताच्या पाठीवर अत्तराचा फाया टेकला मात्र, आईने "स्स..." करून हात मागे घेतला. मैत्रीण हळूच स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "काकूंचे हात बघितलेस का गं?"

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "आई, हात दाखव."

"काही नाही गं. थंडीचे उललेत थोडे. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

शेवटी तिने हात पुढे केले. पाठ लाल आणि खवलेदार. दहापैकी सहा बोटांना चिरा. आणि उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारची जागा सुजलेली, गरम, कडेला पिवळसर. पदर नीट करताना साडीचा धागा बोटाला अडकायचा, म्हणून गेले काही दिवस ती गाऊनच घालत होती. मला वाटलं होतं, सोयीसाठी. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. बोटांना टोचणं सहन होईना म्हणून तिने जवळजवळ दहा दिवस साखर तपासलीच नव्हती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू ओली बाळंतीण. त्यात इथे डॉक्टरला नुसतं दाखवायचे किती डॉलर लागतात ते मला बायकांनी सांगितलंय. मी आले तुला मदत करायला, मीच दुखणं काढून बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी अंगठा पाहिला आणि चिरेतून जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. तिथेच साखर तपासली, ती नेहमीपेक्षा बरीच चढलेली होती. मधुमेहात संसर्ग झाला की साखर वाढते आणि साखर वाढली की जखम भरायला वेळ लागतो, असं ते चक्र. सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आणखी आठवडाभर थांबला असतात, तर कदाचित हॉस्पिटलमध्ये भेटलो असतो." मी हे मराठीत आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. तपासणीचं बिल दोनशे डॉलरच्या आत होतं. हे टाळण्यासाठी तिने तीन आठवडे दुखणं अंगावर काढलं होतं.

हवेचा हिशेब

गोळ्यांनी संसर्ग आटोक्यात येईल, पण हात पुन्हा फुटू नयेत म्हणून काय करायचं? माझ्या धंद्यात चूक दुरुस्त करण्याआधी ती का होते ते शोधतात. मी तेच केलं.

थंड हवेत पाण्याची वाफ फार कमी मावते. २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते. उणे २० अंशांची हवा जेमतेम एक ग्रॅम. आता ही बाहेरची हवा फटींमधून घरात येते आणि हीटर ती २० अंशांपर्यंत तापवतो. वाफ तेवढीच, एक ग्रॅम. पण मावण्याची जागा सतरा ग्रॅमची. म्हणजे घरातली आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर यायला हवी. स्वयंपाक, अंघोळी आणि आपले श्वास यांची थोडी भर पडते म्हणून ती तेवढी खाली जात नाही, इतकंच. मी दहा-बारा डॉलरचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणून हॉलमध्ये ठेवलं. आकडा आला १७ टक्के. चिपळूणच्या पावसाळ्यात जिथे मिठाला पाणी सुटतं, त्या हवेत साठ वर्षं राहिलेले हात या हवेत आले होते. आणि आईला थंडी वाजते म्हणून मी थर्मोस्टॅट चढवत होते. घर जितकं जास्त तापवावं तितकी ही कोरडी हवा आणखी कोरडी होते.

अशी तहानलेली हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. कपडे तासाभरात वाळतात, ब्रेड उघडा राहिला तर कडक होतो आणि कातडीतलंही पाणी उडतं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. हा चुना शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे जंतू बाहेर. साबण आणि गरम पाणी भांड्याची ओशट काढतात, तशी ही आपली स्वतःची ओशटही काढतात. इतर अंगावर तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, तळहातावर त्या नसतातच. त्यामुळे गेलेली ओशट भरून यायला तिथे वेळ लागतो. पाणी गेलं की कातडी लवचीक राहत नाही. ताजी पोळी दुमडते, वाळलेली मोडते. बोटं तर आपण दिवसातून हजार वेळा वाकवतो. म्हणून चिरा पडतात त्या पेरांवर आणि अंगठ्याच्या कडेला, जिथे कातडी जाड आणि हालचाल जास्त.

काय केलं, काय उपयोगी पडलं

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आणि आम्ही घरी सांभाळलेलं असं इथे एकत्र देते.

पहिली गोष्ट, पाणी कोमट. कडकडीत पाण्याने स्वच्छता वाढत नाही, ओशट मात्र जास्त निघते. साबण साधा, सौम्य, बिनवासाचा. डबीवर 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं बघून घ्या. 'अनसेंटेड' म्हणजे तेच असं नाही. त्यात मूळ वास झाकण्यासाठी कधी कधी दुसरा सुगंध घातलेला असतो आणि फुटलेल्या कातडीला तोही त्रास देऊ शकतो. भांड्यांचा साबण भांड्यांसाठीच ठेवा.

दुसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. हात धुतले की टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यायचे आणि कातडी किंचित ओलसर असतानाच मलम लावायचं. व्हॅसलिन स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी कोंडून ठेवतं. सुकून खडखडीत झालेल्या हातावर ते लावलं तर कोंडायला काही उरलेलंच नसतं. मी पहिल्या हिवाळ्यात नेमकं हेच करत होते. रात्री झोपताना आठवण झाली की कोरड्या हातांना एकदा थापायचं आणि सकाळी म्हणायचं, काही उपयोग नाही.

तिसरी, काय लावायचं ते. बाटलीतून सहज ओघळणाऱ्या लोशनमध्ये पाणी जास्त असतं. लावताना बरं वाटतं, पण उललेल्या हातांना ते पुरत नाही. डबीतून बोटाने काढावं लागणारं घट्ट क्रीम त्याहून चांगलं आणि चिकट मलम सगळ्यात चांगलं. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, व्हॅसलिनसारखे पदार्थ वर झाकण घालतात. युरियाचं क्रीम उघड्या चिरेवर झोंबतं, म्हणून चिरा भरल्यावर सुरू करा. व्हॅसलिनची गोष्ट मजेशीर आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या दांड्यांवर मेणासारखा चिकट थर जमायचा आणि तिथले कामगार कापलं-भाजलं की तोच लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध करून १८७२ मध्ये पेटंट घेतलं. दीडशे वर्षं झाली, पण पाणी कोंडून ठेवण्यात त्याच्या तोडीचं स्वस्त औषध अजून सापडणं कठीण.

चौथी, जागा. एकच ट्यूब कपाटात ठेवली तर कुणी उठून लावत नाही. आम्ही चार आणल्या. स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी एक, बाथरूममध्ये एक, बाळाच्या दुपट्यांजवळ एक आणि आईच्या उशाशी एक. आई सुरुवातीला "किती ते पैसे!" म्हणाली, पण समोर दिसतं म्हणून लावायला लागली.

पाचवी, रात्र. झोपताना हातांना जाडसर व्हॅसलिन आणि वर पातळ सुती हातमोजे. पहिल्या रात्री आई म्हणाली, "बँडवाल्यासारखी दिसतेय मी." आठवड्याने स्वतःच मोजे शोधायला लागली.

सहावी, भांडी. रबरी हातमोजे घाला, पण आत सुती मोजे हवेत. नुसत्या रबरात घाम साठतो आणि कातडी आणखी बिघडते. तिखट, आलं, मिरची, टोमॅटो, लिंबू यांपासून चिरा भरेपर्यंत लांब राहिलेलं बरं. आमच्याकडे कणीक मळण्याचं काम तीन आठवडे नवऱ्याकडे होतं. पोळ्या अमेरिकेच्या नकाशासारख्या झाल्या, पण झाल्या.

सातवी, बाहेर पडणं. बर्फ पडत नसला, तरी गाडीपर्यंतच्या दोन मिनिटांसाठीही हातमोजे घाला. लोकर थेट कातडीला घासू नये म्हणून आत सुती अस्तर. ओले झालेले मोजे लगेच बदला. खूप थंडी असेल तर चार बोटं एकत्र राहतात ते मिटन जास्त उबदार.

आठवी, घरातली हवा. आम्ही ह्युमिडिफायर आणला. आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी असं सांगतात, पण आमच्यासारख्या थंडीत ३५ च्या वर गेलं की खिडक्यांच्या काचांवर पाणी जमून गोठायला लागतं आणि चौकटीला बुरशी धरते. म्हणून आम्ही ३० च्या आसपास ठेवलं. टाकीतलं पाणी रोज बदलायचं आणि यंत्र नियमित घासायचं. घाणेरडा ह्युमिडिफायर हवेत जंतूच उडवतो, आणि घरात तान्हं बाळ होतं. यंत्र नको असेल तर धुतलेले कपडे खोलीत वाळत घाला, अंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं ठेवा. थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणून आईला एक स्वेटर जास्त दिला, त्यानेही फरक पडला.

गल्फमध्ये राहणाऱ्यांना वाटेल, आम्हाला काय त्याचं. पण दिवसभर एसीत बसणाऱ्यांची कातडीही कोरडी पडते. इंग्लंडमधल्या मंडळींनी बाहेरच्या ओल्या हवेवर जाऊ नये, हीटर लावलेल्या बंद खोलीत हाताची गत तीच होते.

कोकमाच्या तेलाचं काय?

हा आईचा प्रश्न. आमच्याकडे कोकमाच्या बियांपासून काढलेल्या तेलाचा घट्ट गोळा घरोघरी असतो. मुठीत वळतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांवर आजी हेच पळीत वितळवून सोडायची. शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर ते झाकण घालणाऱ्या पदार्थांपैकीच, त्यामुळे ओलसर हातावर चोळायला काहीच हरकत नाही. खोबरेल तेलही चालेल. इथे त्याची बाटली बारा महिने दगडासारखी घट्ट असते, चमच्याने खरवडून घ्यावं लागतं. पण दोन गोष्टी पाळा. पळीत गरम केलेलं तेल चिरेत ओतू नका, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाच्या. त्यांना चटका जाणवतोच असं नाही आणि भाजल्याची जखम लवकर भरत नाही. दुसरं, सूज किंवा पू दिसत असेल तर घरगुती उपाय थांबवा. लिंबू आणि सोडा तर फुटलेल्या हाताजवळही नेऊ नका.

गंमत म्हणजे, दिवाळीत थंडीच्या तोंडावर अंगाला तेल लावून न्हायची पद्धत आपल्याकडे कधीपासूनची आहे. कोरडेपणा सुरू होण्याआधीच तयारी करायची, हे त्यातलं शहाणपण. मीही आता ऑक्टोबरात पहिली पानं लाल झाली की ट्यूब काढून ठेवते. चिरा पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपं जातं.

डॉक्टरकडे कधी?

लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, ठणका किंवा पू असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर नुसत्या खोल चिरेलाही थांबू नका. दोन आठवडे नीट काळजी घेऊनही फरक नसेल, किंवा खाजरे पाण्याचे बारीक फोड येत असतील, तर तो नुसता कोरडेपणा नसून एक्झिमा असू शकतो. एकाच हाताला त्रास असेल तर कधी कधी बुरशीही निघते. उजव्या हाताने चिरणाऱ्यांच्या डाव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांनाच सारख्या चिरा पडत असतील तर लसणाची अ‍ॅलर्जी असू शकते, कारण लसूण त्याच बोटांत धरतात. आणि इथे दुकानात सहज मिळणारं स्टिरॉइडचं मलम मनाने आठवडेच्या आठवडे लावत बसू नका, त्याने कातडी पातळ होते.

विचारू नका, बघा

आईच्या अंगठ्याची सूज चार दिवसांत उतरली. चिरा भरायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने बोट टोचून साखर मोजली आणि आकडा मला मुद्दाम येऊन दाखवला. पुन्हा तिच्या नेहमीच्या घरात आला होता. त्या दिवशी तिने साडी नेसली.

आपल्याकडे हिवाळ्यात आई-वडील, सासू-सासरे येतात. कुणी बाळंतपणाला, कुणी नातवंडं सांभाळायला. त्यांना "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "हो, आम्हाला काय धाड भरलीये!" मुलीच्या किंवा सुनेच्या घरी आपलं ओझं होऊ नये, आपल्यामुळे खर्च निघू नये, हे त्यांच्या मनात पक्कं असतं. म्हणून विचारण्यावर थांबू नका. हात हातात घेऊन बघा. पायही बघा. यायच्या आधी विमा काढताना, डॉक्टरकडे जायचं तर काय करायचं, किती पैसे लागतील, हे त्यांच्यासमोर बोलून ठेवा. आईला तो आकडा आधीच माहीत असता, तर तिने तीन आठवडे काढले नसते. आणि भारतात बसून हे वाचणाऱ्या काका-काकूंनो, तुमच्या मुलांच्या डोक्यावर एक बिल वाढलं तरी चालेल, पण तुमचं लपवलेलं दुखणं त्यांना जास्त महागात पडतं. पैशांनी आणि मनानेही.

आई मार्चमध्ये परत गेली. चिपळूणच्या हवेत आठवडाभरात तिचे हात असे मऊ झाले की बाबा म्हणाले, अमेरिकेला गेलीच नव्हतीस वाटतं.

आता दर हिवाळ्यात आमच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलची सुरुवात ठरलेली आहे. जेवलीस का, बर्फ किती पडला, हे सगळं नंतर. आधी ती म्हणते, "हात दाखव." मी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरते, पाठ आणि तळवे. मग मी म्हणते, "आता तू." तीही धरते. मागून माझी मुलगी धावत येते आणि आपले खाऊने चिकट झालेले हात स्क्रीनवर टेकवते.

"हिचे मात्र धुवायला हवेत गं," आई म्हणते. "कोमट पाण्याने हं!"